वर्षाच्या आत

"मेल्या माणसाची वस्तू परत मागूची नसता, वैनी. कोणाकय विचार."

"मेल्या माणसान मागूची नसता," सुभद्रा म्हणाली. "मी मेलंय खंय?"

मागच्या अंगणात यशोदाने भात उकडायला घातलं होतं. हंड्याखाली तिने नारळाची दोन सोडणं सारली आणि धूर सगळा सुभद्राच्या तोंडावर गेला. वाऱ्याने गेला की मुद्दाम घालवला, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

भांडण सकाळपासून चाललं होतं आणि वरवर पाहता ते एका हिरव्या इरकली लुगड्याचं होतं. लुगडं सुभद्राच्या माहेरचं. माघात तिच्या एकुलत्या एका मुलीचं, सावित्रीचं लग्न. चार माणसांत नेसायला म्हणून तिने पेटी उघडली, तर पेटीत डांबराच्या गोळ्या तेवढ्या राहिल्या होत्या. यशोदा ही तिची धाकटी जाऊ. ती आधी म्हणाली कसर लागली. मग म्हणाली उंदरांनी खाल्लं. दुपार व्हायच्या आत तिने कबूल केलं की लुगडं मडवळणीला दिलं. वाडीचे कपडे धुणारी ती मडवळीण हल्ली सुभद्रा समोरून येताना दिसली की वाट सोडून बांधावरून का जाते, हे सुभद्राला तेव्हा कळलं.

"दिलंस ता दिलंस. पण माझ्या चेडवाच्या लग्नाक मी नेसू काय?"

"लगीन ठरला तेव्हा तुझ्या लुगड्याचो इचार कोण करतलो? तेव्हा तू होतंस खंय?"

बोलून गेल्यावर यशोदाने जीभ चावली. पण शब्द बाहेर पडून अंगणात बसला होता.

"मी नव्हतंय तेव्हा ठरला?" सुभद्राने हळू विचारलं. "स्थळ नारळी पुनवेक इला म्हणान माका सांगलास तुमी."

यशोदा उठली आणि काठीने भात ढवळू लागली. ढवळायची काही गरज नव्हती.

"सातव्या दिवसाक," ती पाठमोरीच म्हणाली. "कसालवाले दुखवट्याक इले होते. तेव्हाच भाईंनी शब्द दिलो." भाई म्हणजे तिचा थोरला दीर, सुभद्राचा नवरा.

सातवा दिवस म्हणजे सुभद्राच्या मरणाचा सातवा दिवस.

त्याची गोष्ट गावात, हडीत, शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. मागच्या वर्षी, सत्तावन साली, कापणीच्या तोंडावरच सुभद्राला अंगावरून रक्त जायला लागलं ते थांबेना. बायकांचं दुखणं म्हणून तिने दोन महिने लपवलं, ओव्याचं पाणी प्यायली, देवीला नारळ बोलली. एक दिवस बांधावर भोवळ येऊन पडली तेव्हा नवऱ्याने, गणपतने, तिला मालवणच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने तपासलं, हात धुतले आणि चिठ्ठी लिहून मुंबईला पाठवलं. तिचा दीर गुरुदास, म्हणजे यशोदाचा नवरा, मुंबईला छापखान्यात खिळे जुळवायच्या कामाला होता. लालबागला गावच्याच एका कुटुंबात तो पोटभाड्याने राही. त्याने वहिनीला इस्पितळात दाखल केलं. पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर होता. हा शब्द हडीत कोणी उच्चारत नसे. "ता दुखणा" म्हणत आणि विषय बदलत.

पाच महिने ती तिकडे होती. एकदा तिच्या पोटात रेडियम ठेवून तिला तीन दिवस एका खोलीत एकटीला निजवलं. जवळ कोणी यायचं नाही. नर्सबाईसुद्धा दारातून बोलायची, ताट ढकलायची आणि जायची. सुभद्रा जन्मात कधी एका खोलीत एकटी निजली नव्हती. पहिल्या दिवशी ती रडली. दुसऱ्या दिवशी तिने मनातल्या मनात घरचा सगळा मसाला कुटला, मिरच्या भाजण्यापासून बरण्या भरण्यापर्यंत, आणि तिसऱ्या दिवशी यशोदाने तो नीट कुटला असेल का या काळजीत तिचा दिवस गेला. पुढे विजेचे शेक झाले. अन्न पोटात ठरेना. अंगावरची कातडी दुसऱ्याचं पोलकं घातल्यासारखी झाली. पण चैत्रात डॉक्टरांनी तिला घरी जायला सांगितलं.

गुरुदासला लगेच रजा नव्हती. वाडीतला बाबू त्याच दिवसाच्या बोटीने निघाला होता, त्याला तो धक्क्यावर जाऊन भेटला. म्हणाला, घरी सांग, वैनी सुटली, सोबत बघून आठवड्याभरात बोटीत बसवून देतंय. बाबूला बोट लागली. ओकून ओकून मालवणला उतरला तेव्हा त्याला कधी एकदा देवबागला सासुरवाडीत जाऊन आडवा होतो असं झालं होतं. बाजारात हडीचा एक नारळवाला भेटला, त्याच्याजवळ त्याने निरोपातलं जेवढं आठवलं तेवढं दिलं. गणपताच्या घरी सांग, वैनी सुटली.

शाळेतून पोर सुटतं, तुरुंगातून चोर सुटतो, पण पाच महिने खाटेला लागलेलं माणूस सुटलं म्हणजे त्याचा हडीत एकच अर्थ.

नारळवाल्याने अंगणात उभं राहून तो शब्द सांगितला आणि घरातली चूल विझली. गुरुदासने मुंबईतच सगळं उरकलं असणार, असं चार शहाण्यांनी ठरवलं. गणपतने सुतक धरलं. माणसं येऊन बसून गेली. सातव्या दिवशी रात्री गणपतने गुरुदासला पत्र लिहिलं. नवव्या दिवशी दुपारी सुभद्रा मालवणच्या एका बाईच्या सोबतीने बोटीतून पडावात आणि पडावातून धक्क्यावर उतरली, एस.टी.त बसली आणि तिठ्यापासून बोचकं घेऊन बसत उठत चालत आली. अंगणात गणपत दाढी वाढवून भुईवर बसला होता. डोक्याला तेल नव्हतं. आतून बिनफोडणीच्या अन्नाचा वास येत होता.

तिने उंबऱ्यावर हात टेकला आणि विचारलं, "कोण गेला?"

यशोदाच्या हातातली पळी पडली. सावित्री तेवढी धावत आली आणि तिने आईच्या पोटाला मिठी मारली, नेमकी जिथे अजून दुखत होतं तिथे.

भटजी म्हणाले, दहावा झाला नाही ते नशीब. तिला ऊन पाण्याने न्हाऊ घाला, हळदकुंकू लावा, ओटी भरा, नवा जन्म समजा. मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं, असंही त्यांनी सांगितलं. पुढे महिनाभर बायका तिला बघायला येत आणि त्यांची पोरं तिला तोंडावर "मेलेली काकी" म्हणत. सुभद्राही हसायची. हसताना पोटात कळ यायची, तरी हसायची.

आज मात्र ती भाताच्या हंड्यासमोर बसून राहिली आणि तिला हसू आलं नाही.

रीत तिलाही माहीत होती. घरात कोणी गेलं तर लग्नाचं पोर वर्षाच्या आत उजवायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सावित्रीला सोळावं लागलं होतं. मालवणच्या हायस्कुलात ती दहावीत होती. आई मुंबईला गेल्यावर घरात हात कमी पडला म्हणून तिला शाळेतून काढलं, ते तसंच राहिलं. भूमितीचं पुस्तक तिने भाताच्या कणगीमागे ठेवलं होतं. ते तिथे असल्याचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कोणी हलवत नव्हतं.

नवरा मुलगा हरिश्चंद्र हा यशोदाचा मावसभाऊ. कसालला हमरस्त्यावर त्याचं दुकान. पस्तिशी उलटलेली, पहिली बायको बाळंतपणात गेलेली, दोन पोरं. माणूस वाईट नव्हता. श्रावणात तो येऊन गेला तेव्हा त्याने सुभद्राच्या तब्येतीची चौकशी केली, चहाला नावं ठेवली नाहीत. पण सावित्रीशी तो बोलला नाही. धाकट्या पोराला मांडीवर घेऊन तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ही तुझी नवी आई." सावित्रीने बश्या उचलल्या आणि आत गेली.

तरीही सुभद्राने तेव्हा होकार दिला होता. आपण किती दिवसांचे सोबती हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं. रात न्यावी आणि दिवस मोजावा, असं चाललं होतं. पोरीला घर मिळतंय, आपल्या डोळ्यांदेखत मिळतंय, अजून काय हवं? असं तिला सगळ्यांनी सांगितलं आणि तिने स्वतःलाही सांगितलं.

संध्याकाळी गणपत पडवीत नारळाच्या झावळीचा झाप विणत बसला होता. ती त्याच्यासमोर जाऊन बसली. तिने आवाज चढवला नाही. सातव्या दिवसाचं खरं का, एवढंच विचारलं.

गणपतने खरं म्हणून सांगितलं. तू नाहीस म्हटल्यावर पोरीचं काय करायचं ते सुचेना, म्हणाला. वर्ष टळलं असतं तर तीन वर्षं गेली असती, एकोणिसाव्या वर्षी कोण विचारतं. कसालवाले समोर बसले होते, तेही बायको गेलेलं घर, त्यांना दुःख कळत होतं.

"पण मी आसंय," सुभद्रा म्हणाली.

"आसंस," गणपत म्हणाला आणि त्याने नारळाचं पुढचं पातं उचलून गुंतवलं.

त्या पात्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात सुभद्राला सगळं ऐकू आलं. आहेस, पण किती दिवस? मी शब्द मोडायचा, कसालवाल्यांना दुखवायचं, आणि तू शिमग्याला गेलीस तर? गणपत हे बोलला नसता. बोलायची गरजही नव्हती, कारण श्रावणात हाच हिशेब तिनेही केला होता.

"मुंबयची डॉक्टरीण काय सांगता ता बगूया," ती म्हणाली. "मगे बोला."

सहा महिन्यांनी दाखवायला या, असं इस्पितळाने सांगितलं होतं. पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे कार्तिक उजाडला होता. घरात या तपासणीकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. देवळात पाया पडायला जावं तशी ती जाऊन येईल, एवढंच. सुभद्राच्या मनात मात्र त्या संध्याकाळपासून एकच गोष्ट होती. बाईंनी वाईट सांगितलं तर हरिश्चंद्राच्या पोरांना नवी आई मिळेल आणि तिने तोंड उघडायचं नाही. बरं सांगितलं तर.

पुढचं तिने ठरवलं नाही. सावित्रीला तेवढं एकदा विहिरीवर विचारलं, तुला काय वाटतं. सावित्रीने कळशी भरली, डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि म्हणाली, "तू जाऊन ये, आये. मगे माका विचार."

निघायच्या दिवशी यशोदाने न बोलता बोचकं बांधून दिलं. उकड्या तांदळाची पुरचुंडी, सोलं, सुकी सुंगटं. लुगड्यावरून दोघी अजून बोलत नव्हत्या. पण सुभद्रा मुंबईहून आली तेव्हा दोन महिने तिचे खराब झालेले कपडे याच यशोदाने धुतले होते, मडवळणीला न देता, नाक न मुरडता. हे सुभद्राला आठवत होतं आणि त्यामुळे भांडण नीट करता येत नव्हतं.

बोटीत सोबतीला बाबूच मिळाला. बिचारा चैत्रापासून तिची नजर चुकवत होता. तिचं बोचकं त्याने पडावापासून बोटीपर्यंत छातीशी धरून नेलं आणि डेकवर तिला चटई पसरून दिली. म्हणाला, "काकी, ह्या खेपेक निरोप देवचो आसलो तर कागदावर लिवन दी."

"माझो निरोप मीच घेवन येतलंय," सुभद्रा म्हणाली. "तू आपलो गप ओक."

इस्पितळात बाकावर तिच्या ओळखीच्या तिघी असायला हव्या होत्या. दोघीच होत्या. तिसरीचं कोणी कोणाला विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, काचेवर काही घेतलं आणि चार दिवसांनी यायला सांगितलं. ते चार दिवस सुभद्राने लालबागच्या खोलीत घरमालकिणीचे तांदूळ निवडून काढले. खडे नव्हते तरी निवडले.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला, परत वाचला आणि मान वर केली.

"आजाराचा मागमूस नाही," त्या म्हणाल्या. "आता सहा महिन्यांनी येऊ नका. वर्षाने या."

सुभद्रा जागची हलली नाही. इस्पितळात ती जमेल तसं शुद्ध बोलत असे. "वर्षाने मी असेन?"

"त्याच्या पुढच्या वर्षीही यायचंय तुम्हाला. पाच वर्षं नीट गेली की मगच आम्ही पूर्ण बरं म्हणतो, त्याआधी छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. पण आज तुमच्या अंगात रोग नाही. वजन वाढलंय. घरी जा आणि कामाला लागा."

सुभद्राने पदराने नाक पुसलं आणि हे मराठीत लिहून द्याल का म्हणून विचारलं. घरी दाखवायचं होतं. बाईंनी कागद ओढला आणि लिहीत लिहीत मोठ्याने वाचलं, "सौभाग्यवती सुभद्राबाई यांची तपासणी केली. त्या रोगातून सुट..."

"तेवढा शब्द नको, बाई," सुभद्रा घाईने म्हणाली.

का नको, ते तिने सांगितलं. नारळवाला, सुतक, कोण गेलं म्हणून तिने स्वतःच विचारलं ते, सगळं. बाईंना हसता हसता चष्मा काढावा लागला. दारातली नर्सही हसली. मग बाईंनी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं, प्रकृती उत्तम, रोगाचे चिन्ह नाही, एक वर्षाने तपासणी. खाली सही केली आणि शिक्काही मारला.

गुरुदास फाटकाशी उभा होता. त्याने कागद दोनदा वाचला. छापखान्यातला माणूस, शिक्क्यातली अक्षरंसुद्धा त्याने तपासली. खोलीवर आल्यावर त्याने ट्रंकेच्या तळातून एक पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हणाला, चैत्रात तू बोटीत बसलीस त्याच्या तीन दिवसांनी आलं, फाडायचं जिवावर आलं, तुझंच आहे.

ते गणपतचं पत्र होतं. सुभद्रा तिसरी शिकलेली. अक्षराला अक्षर लावत तिने वाचलं.

"चि. गुरुदास यास आशीर्वाद. तुझी वहिनी गेली आणि घर बसले. अठरा वर्षांत मी तिला एकदाही बरे म्हटले नाही, ते आता कोणाला म्हणू. सावित्रीला कोण पाहील ते कळत नाही. आज कसालची माणसे आली होती. मी शब्द देऊन टाकला. ती असती तर तिने देऊ दिला नसता."

शेवटची ओळ तिने पुन्हा वाचली. मग पत्र घडीवर घडी घालून कनवटीला लावलं आणि गुरुदासला परतीच्या बोटीचं बघायला सांगितलं.

ती घरी पोचली तेव्हा पानं वाढायची वेळ झाली होती. बांगड्याची कढी होती. सुभद्राने हातपाय धुतले आणि डॉक्टरीणबाईंचा कागद सावित्रीच्या हातात दिला. सावित्रीने तो उभ्याने वाचला, शाळेत धडा वाचावा तसा, शिक्क्यासकट.

गणपत पाटावरून उठला. काय करावं ते न कळून देवापुढचं निरांजन, जे विझलं नव्हतं, ते त्याने पुन्हा लावलं आणि परत येऊन बसला. यशोदाने पदर डोळ्यांना लावला. ते खरं रडणं होतं, सुभद्राला ओळखता येत होतं. मग नाक ओढून यशोदा म्हणाली की आता तर माघातलं लग्न थाटात करायचं, मांडव पुढच्या अंगणात घालायचा, आणि लुगड्याचं म्हणाल तर ती आपलं पैठणी काठाचं वैनीला नेसायला देईल.

"तुझा तुकाच ऱ्हांव दी," सुभद्रा म्हणाली. "गो सावित्री, मगे विचार म्हणालंस. आता विचारतंय."

सावित्रीने बापाकडे पाहिलं नाही, काकीकडेही नाही. तिने भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"माका शाळेत जावचा आसा," ती म्हणाली.

गणपतने घास घेतला, तो बराच वेळ चावला. मग शब्दाचं काय, असं तो पानाकडे बघतच म्हणाला. दिलेला शब्द होता. चार माणसांत दिलेला.

"तुमी शब्द दिलास तो बायको मेलेल्या घोवान दिलो," सुभद्रा म्हणाली. "तुमची बायको जिती आसा. कागद आसा शिक्क्याचो."

गणपतच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्याने हसू खाल्लं की काटा काढला, ते कळलं नाही. त्याने ताटातली कढी भातावर ओढून घेतली आणि पुढे विरोध केला नाही.

"माझ्या मावशेक मी काय तोंड दाखवू?" यशोदा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिचंही चूक नव्हतं. तिच्या माहेरच्या माणसांची गोष्ट होती. "तेंनी तयारी केली आसतली. तेंका कोण सांगतला?"

"मी सांगतलंय," सुभद्रा म्हणाली आणि तिने स्वतःचं पान पुढे ओढलं. "उद्या सकाळच्या गाडीन मी कसालाक जातंय. ह्या लगीन होवचा नाय. सावित्री जूनात दहावीत बसतली, आणि उद्यापासून चुलीवरचा रांदप माझा."